मागच्या दारचा बरका फणस

थोरली दोन वर्षांची असताना आम्ही ठाण्यात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर फणसाचं मोठं झाड होतं. ते पाहून मी खूश झालेले. मे महिना आला आणि हौस फिटली.

झाड घरमालकांचं. ते वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. मधुमेहामुळे स्वतः फणस खात नसत, आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसत. पिकलेला बरका फणस धप्पकन पडायचा, फुटायचा आणि तिथेच सडायचा. तो गोडसर, आंबूस वास डाळीला, कपड्यांना, पोरीच्या केसांनाही लागायचा. बुळबुळीत गऱ्यांत पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. हिरव्या माश्या तिथून उठून थेट माझ्या भाताच्या पातेल्यावर बसायच्या. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. रोज सकाळी मोरीत ओकत बसायचे.

कोलशेतहून एक कोळीण मासळी घेऊन यायची. एकदा तिने मालकांना वर हाक मारली, "काका, एक फणस द्या की. पोरं खातील. हितं कुजूनच चाललाय."

"कुजू दे. झाड माझं आहे," ते गॅलरीतून म्हणाले आणि आत गेले.

तिचा उतरलेला चेहरा पाहून मला फणसापेक्षा त्या माणसाची शिसारी आली. चार दिवसांनी ती आली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, काढा तुम्ही. काकांशी मी बोलते." तिने हाताला तेल लावलं आणि खालच्या फांदीचे दोन फणस कोयत्याने उतरवले.

मालक जिन्यातूनच ओरडले, "चोरी करता? लाज नाही वाटत?"

माझं डोकं फिरलं. नाकाला पदर लावून खाली पडलेला एक सडका फणस मी अळ्यांसकट सुपलीत भरला, जिना चढले आणि त्यांच्या दारात ओतला.

"हा तुमचा. ठेवा."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी झाड तोडून टाकलं. बुंध्यातून कितीतरी दिवस चीक गळत होता. त्यात मुंग्या चिकटून मेल्या. माश्या गेल्या, ओट्यावर उजेड आला, तरी मला खिडकीतून बाहेर बघवेना.

"आपल्यापायी गेलं गो ताई झाड," कोळीण म्हणाली.

बाळंतपणाआधी आम्ही डोंबिवलीत जागा पाहिली. निघताना माझे यजमान मालकांना नमस्कार करून आले. मी रिक्षात बसून राहिले.