मारोतीअण्णांची नंबरप्लेट

मारोतीअण्णा सकाळी उठले की तोंड धुण्याआधी टेम्पोची नंबरप्लेट धुवायचे. बादलीत फडकं बुडवायचं, पिळायचं, एकेक आकडा पुसायचा, फडकं टेम्पोच्या आरशाला वाळत घालायचं आणि मग चूळ भरायची. सिडकोतल्या आमच्या गल्लीत मी नवी राहायला आले तेव्हा हा प्रकार खिडकीतून पाहिला आणि माणूस जरा सटकलेला असावा असं ठरवून टाकलं. विचारलं तर म्हणाले, "आधी नंबर, मग तोंड. माझं तोंड कोण बघतंय, बाई? पोलीस बघतो त्ये नंबरच."

अण्णा मूळचे पाचोडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. शहराबाहेर कारखाने उभे राहू लागले तेव्हा त्यांनी मेंढरं विकून तीनचाकी टेम्पो घेतला आणि वर्कशॉपमधले सुटे भाग मोठ्या कारखान्यांत पोचवू लागले. बायको लवकर गेली. एकुलता एक दिगंबर पुढे वाळूजच्या एका कारखान्यात लागला. मी शिकवायचे ती शाळा वाळूजच्याच रस्त्यावर, म्हणून अण्णा मला केबिनमध्ये बसवून न्यायचे-आणायचे. सगळ्या वाटेवर पुढच्या गाड्यांच्या प्लेटा वाचून त्यांचा उद्धार चाललेला असायचा.

तेव्हा प्लेटांवर काय नसायचं? आईचा आशीर्वाद, कुलदैवत, पप्पू-पिंकी, आणि उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला नंबर. अण्णांचा संताप व्हायचा. "ही प्लेट हाय का लग्नपत्रिका?" प्लेटवर नंबराशिवाय काही लिहायचं नाही हा आरटीओचा नियम ते घरच्या रीतीसारखा सांगत. त्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस. प्लेटवरच्या घोषणेवरून गाडी कुणाची ते कळायचं आणि काचा फुटायच्या. अण्णा म्हणायचे, "सरकारनं नंबर दिलाय ना? नंबराला जात नसती. तेवढाच ठेवा, सुखानं घरी जाताल."

मग दिगंबरनं त्याच्याच कारखान्यातल्या सुजाताशी कोर्टात लग्न केलं. मुलगी बौद्ध घरातली. अण्णा ओरडले नाहीत. दारातच म्हणाले, "पाचोडला माझे भाऊबंद हायेत. त्यांच्या पंगतीतून उठवलंस तू मला." आणि दार लावून घेतलं. दिगंबर वाळूजकडे खोली करून राहिला. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसता बसताच मी त्यांना त्यांचं वाक्य ऐकवलं. त्यांनी गिअर टाकला. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "नंबराला नसती म्हणलो, बाई. मला हाय."

त्यानंतर अण्णा घरात जेवेनासे झाले. भाकरी थापायचे घरात, पण फडक्यात बांधून टेम्पोत येऊन खायचे. मी कारण विचारलं. "घरात खाल्लं की चावल्याचा आवाज येतो," म्हणाले.

एके दिवशी सकाळी पाहते तर प्लेटवर नंबराखाली नवीन अक्षरं: दिगंबर. मला हसू आवरेना. "अण्णा, पत्रिका छापली की!" ते हसले नाहीत. "बाप पोराच्या दारात जात नसतो. पर त्ये माझ्या प्लेटीवर आकडे शिकलंय. कोन्तीबी गाडी दिसू द्या, आधी नंबर वाचतंय. हेबी वाचंल." त्या दिवसापासून संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला ते दिगंबरच्या कारखान्याच्या गेटकडे टेम्पोची पाठ करून उभे राहू लागले. निघण्याआधी प्लेट पुन्हा एकदा पुसत.

दिगंबर आला तेव्हा मी केबिनमध्येच होते. आरशात दिसत होता. तो मागे उभा राहिला, वाचलं, मग खिडकीशी आला.

"अण्णा, एकच नाव लिवलंत."

"तुझंच हाय की."

"घरात आम्ही दोघं ऱ्हातो."

एवढं बोलून, मला मान लववून तो बसकडे निघून गेला. अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना वाटलं होतं, आपल्याकडून होतं ते सगळं आपण केलं. "सुनंचं नाव प्लेटीवर कोण लिवतं, बाई?" त्यांनी खरंच विचारलं. पोरांची नावं लिहायची चाल होती, सुनेचं कुणी लिहीत नसे. "आन पाचोडच्या बाजाराला हीच गाडी घेऊन जातो मी. भाऊबंद वाचतेल."

कित्येक महिने ते तसेच गेटसमोर उभे राहिले. दिगंबर लांबून जायचा, थांबायचा नाही.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीत शहर श्वास रोखून होतं. चौकाचौकात पोलीस, निम्मी दुकानं बंद. त्याच आठवड्यात अण्णा पेंटरकडे जाऊन आले. दिगंबरशेजारी सुजाता. मी वाकून मुद्दाम पाहिलं, अक्षरं दोघांचीही सारखीच होती. बाजाराच्या दिवशी तोच टेम्पो घेऊन ते पाचोडला गेले आणि दुपारीच परतले. "जेवायला बस म्हणलं नाय कुणी," एवढंच सांगितलं, आणि केबिनमध्ये बसून भाकरीचं फडकं सोडलं.

संध्याकाळी मोठ्या उमेदीनं गेटसमोर उभे राहिले. दिगंबर बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर कळलं, तो नोकरी सोडून सुजाताला घेऊन पुण्याकडे गेलाय. पत्ता कुणाकडे नव्हता. तरी अण्णा रोज जात राहिले. "कधी तरी येईल की दोस्तांना भेटाया," म्हणायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

वाहतुकीचा हवालदार त्यांना अडवायचा. "काका, प्लेटवर नावं चालत नाहीत. मागच्या फळीवर लिहा की."

"कायदा तुमचा बराबर हाय, साहेब. पर त्ये फळी वाचत नाय, नंबर वाचतंय."

"मग पुसणार कधी?"

"त्यानं वाचलं की."

पुढे पुढे हवालदारानं अडवणं सोडलं. टेम्पो आला की तो दुसरीकडे बघायचा.

अण्णा उन्हाळ्यात गेले, झोपेतच. निरोप कामगारांच्या तोंडातोंडी फिरत दिगंबरपर्यंत पोचला, तोवर अंत्यविधी उरकला होता. पहाटेच्या गाडीनं दोघं आली. प्रवासाच्या धुळीनं भरलेली, डोळे सुजलेले. दिगंबर माझ्या अंगणात मटकन बसला. "बाई, अण्णांनी मला एक शब्द का नाय धाडला?"

मी टेम्पोकडे बोट केलं. तो उठून मागे गेला. प्लेटवर चार दिवसांची धूळ होती, तरी वाचता येत होतं. तो पुढ्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला.

मी सुजाताला म्हटलं, आधी हातपाय धू, तोंडावर पाणी मार. तिनं बादली उचलली, पण मोरीकडे गेली नाही. आरशावर वाळलेलं फडकं काढलं, भिजवलं, पिळलं आणि प्लेटसमोर उकिडवी बसली. त्या घरात तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बापावर रुसलेला दिगंबर तिकडे पुण्यात तिला बापाबद्दलच सांगत बसत असणार.

"थांबा, बाई," ती म्हणाली, "आधी नंबर."