राजाचं मरण, लाइव्ह

आमच्या नाट्यमंडळात एक किस्सा सांगून होईपर्यंत दुसरा घडतो. मी दिल्लीला कला-व्यवस्थापन शिकून खानापूरजवळच्या आमच्या गावी परत आले, तेव्हापासून तर प्रत्येक किश्श्यात मीच असते!

गेल्या जत्रेत आमच्या नाटकाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. यंदाही तसंच झालं तर नाटक कायमचं बंद, असं मंडळानं ठरवलं. मी ताडकन उभी राहिले. "मी डिजिटल करते. जग बघेल!"

त्यांनी विश्वास ठेवला, बिचाऱ्यांनी.

*

पोस्टर एआयकडून करून घेतलं. राजाचं काम करणारे आप्पा सत्तरीला टेकलेले. पोस्टरवर पंचविशीचे दिसत होते. आप्पा खूश. त्यांच्या बायकोनं, आमच्या आक्कांनी, चौकात ते बघून विचारलं, "ह्यो नवा पोरगा कुणाचा म्हणायचा?"

*

विंगेतून संवाद कुजबुजणारा प्रॉम्प्टर मी काढून टाकला. समोर स्क्रीन लावला, ओळी आपोआप वर सरकायच्या. तालमीत सगळे त्या ओळींमागं पळत सुटले. चहा यायच्या आत तिन्ही अंक संपले. आप्पा धापा टाकत म्हणाले, "पोरी, राणी मेली तरी रडाय येळ दिला न्हाईस गं."

*

आमच्याकडं बक्षीस आलं की नाटक थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारतात. प्रयोगाला मी लाइव्ह सुरू केलं आणि स्क्रीनवर लाइकचे बदाम उगवायला लागले. भर लढाईत आक्कांनी माइक घेतला. "पुण्याच्या भाच्याकडून एक लाल बदाम." दोन्ही सैन्यांनी तलवारी खाली ठेवून नमस्कार केला.

*

लाइव्ह जोरात, मांडव मात्र ओस! घरबसल्या दिसतंय म्हटल्यावर गाव घरातच बसलं. शेवटच्या प्रवेशाआधी आप्पांनी पडद्याच्या फटीतून खुर्च्या बघितल्या. मी समजूत घातली, सगळं गाव ऑनलाइन आहे.

राजाच्या छातीत बाण घुसला. आप्पा कोसळले आणि लगेच उठून बसले. माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन शांतपणे म्हणाले, "राजा मरायचा थांबलाय. बघायचं असंल तर मांडवात या." मग छातीशी बाण धरून सिंहासनावर बसून राहिले.

आधी शेजारची गल्ली आली. मग खालची. खुर्च्या संपल्या, पोरं कट्ट्यावर चढली. आता उरका, असं मी विंगेतून खुणावलं. आप्पांची नजर मांडवाच्या तोंडाकडंच.

सगळ्यात शेवटी आमची आई आली. हातातल्या मोबाईलवर आमचंच नाटक चालू.

आप्पांनी माझ्याकडं मान वळवली. "तुझ्या घरचीबी आली. आता मरतो."