कारणाचा रकाना

पनवेलच्या त्या साइटवर मी क्वालिटी इंजिनिअर होते. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं काढून ठोकळे पाडायचे, सात दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि माल किती भक्कम ते लिहायचं, हे माझं काम. आमचे मुकादम बेलपाड्याचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना वाटायचं, ही मॅडमचीच परीक्षा आहे. "मॅडम, तुमच्यासाठी वेगला माल ठेवलाय," म्हणत ते जास्त सिमेंटचं घमेलं पुढे करायचे. पोरगी पास व्हावी, एवढाच हेतू. मी चिडायचे, ते हसायचे. कधीकधी ते घमेलं मी घेतलंही आहे, खोटं कशाला बोलू.

एकदा ते जेवायला गेले असताना मी थेट कॉलमच्या मालातून ठोकळे भरले. सात दिवसांनी ते निम्म्या दाबालाच फुटले. कॉलम ठोकून पाहिला तर ठिकठिकाणी पोकळ आवाज.  त्या कॉलमवर अजून आठ मजले चढायचे होते आणि तिथे माणसं राहायला येणार होती.

मुकादमांनी काही लपवलं नाही. "पानी मीच घातलं. व्हायब्रेटर बंद हाय ना, घट्ट माल खाली उतरत नाय." ओतलेलं काँक्रीट हलवून नीट बसवणारं ते मशीन महिनाभर बंद होतं. आम्ही दोघांनी मॅनेजरसाहेबांना तीनदा सांगितलं होतं. काम थांबवा, असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हटलं नव्हतं.

कॉलम तोडायचं ठरलं. रिपोर्टमध्ये 'कारण' असा एक रकाना असतो. मॅनेजर समोर बसून शांतपणे म्हणाले, "मशीनचं लिहिलंत तर तुमच्यावरही येईल, काम चालू कसं राहू दिलं म्हणून. थोडक्यात आटपा." एरवी सगळ्या साइटला नियम शिकवणारी मी, तिथे मूग गिळून बसले. लिहिलं, 'मुकादमाने परवानगीशिवाय पाणी मिसळले.' त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुकादमांना काढलं. कंपनीच्या वार्षिक अहवालात तोडलेल्या कॉलमशेजारी माझा हेल्मेटमधला फोटो छापून आला, खाली ओळ होती की सुरक्षिततेत आम्ही तडजोड करत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फोटो मी घरी कुणाला दाखवला नाही.

काही महिन्यांनी मुकादमांचा फोन आला. न्हावा शेव्याकडे एका गोदामाच्या कामावर ते साधे गवंडी म्हणून लागले होते. माझ्यावर राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"तुमी बरोबर केलं, मॅडम. उद्या कोन मेलं असतं तर पाप कुनाला?" मग म्हणाले, "इथले साहेब मुकादम करतो बोलतात. त्यांना सांगितलंय मी, मशीन बंद होतं, रिपोर्टात हाय सगलं. ते मागवनार हायेत तो रिपोर्ट. तुमी लिवलंय ना व्हायब्रेटरचं?"

"हो," मी म्हटलं, "लिहिलंय."

"मंग झालं," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.