भूतमावशीची हनुवटी

सकाळी सव्वासहाला भूतमावशी मेकअपच्या खोलीत नव्या मुलीला मुखवट्यातून श्वास घ्यायला शिकवत होती. भयपटाच्या सात भागांत तीच भूत झाली होती. तारेवर लटकून मान कामातून गेली, म्हणून आठव्यातून तिला सुटका हवी होती. मेकअपवाल्याने मुलीला मुखवटा चिकटवला. तो हनुवटीपाशी सुटला. दोनदा सुटला. साचा मावशीच्याच चेहऱ्याचा होता.

“नवा साचा कर की!” मावशी म्हणाली.

“निर्माते नको म्हणतात. लोक हाच चेहरा बघायला येतात. तुझी हनुवटी नडली, मावशी.”

“मुडद्या, मेल्यावर तरी सोडाल ना तुम्ही लोक?”

मुलगी खुर्चीतून उठली, मावशी बसली. मुखवटा लगेच बसला.

उद्याही तिला सव्वासहालाच बोलावलंय.