घागऱ्यातली खसखस

सोनाबाई घरतने पनवेलच्या एका भातगिरणीत अठ्ठावीस वर्षं तांदूळ निवडला. सूप धरायचं, पाखडायचं, खडा काढायचा. दिवसाला एक गोण, सणासुदीला दीड. संध्याकाळी मुकादम गोणीत हात घालून मूठभर तांदूळ ताटात पसरायचा. त्यात एक खडा दिसला की सगळी गोण पुन्हा निवडायची, आणि त्या दुसऱ्या खेपेचा रोज मिळायचा नाही. सोनाबाईची गोण अठ्ठावीस वर्षांत दोनदा परत आली. एकदा तिला ताप होता. एकदा नवरा गेल्याचा तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली होती.

मूलबाळ नव्हतं. भाऊ जगन रिक्षा चालवायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि तिची मुलगी संजना सोनाबाईच्या पदरात आली. गिरणी बंद पडली तोवर संजना एकोणीस वर्षांची झाली होती आणि रूपेश म्हात्रेच्या ऑर्केस्ट्रात गात होती. साखरपुडे, गणपती, सत्यनारायण, जिथे बोलावतील तिथे.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत त्या ऑर्केस्ट्राला दुबईच्या मराठी मंडळींचं बोलावणं आलं. तीन कार्यक्रम. रूपेशने डोकं लढवलं आणि वादक-गायकांबरोबर हौशी लोकांची सहलही काढली. दिवसा दुबई बघायची, संध्याकाळी पुढच्या रांगेत बसून आपल्याच गावचा ऑर्केस्ट्रा ऐकायचा. दहा कलाकार आणि अठरा हौशी.

जगनने एकच गोष्ट सांगितली. "आत्या बरोबर असंल तर पोरगी जाईल. नायतर नाय."

अशी सोनाबाई अठरावी झाली.

तोवर तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे करंजाला सुकी मासळी आणायला जाणं. विमानाची तिला फारशी भीती वाटली नाही. पडलं तर सगळ्यांचं पडेल, असं तिचं म्हणणं. भीती वेगळीच होती. आपण अडाणी. परक्या मुलखात आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि ते पोरीला भोवेल. पासपोर्टचा फोटो काढल्यापासून ही भीती तिला लागून राहिली होती.

दुबईच्या लोकांनी निरोप धाडला होता, येताना घरचा फराळ आणा. रूपेशने वाटणी केली. कोणाकडे चकल्या, कोणाकडे शंकरपाळे, आणि अनारसे अर्थातच सोनाबाईकडे. तिने तीन दिवस तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, फडक्यावर सुकवले, कुटले, वस्त्रगाळ केले, गूळ घालून मळले. चार दिवस पीठ मुरू दिलं. मग खसखशीवर एकेक थापून तुपात तळले. साठ अनारसे, एकही तुपात फसकला नाही. ते स्टीलच्या डब्यात घालून तिने डबा हातातल्या पिशवीत ठेवला. उरलेलं पीठ आणि खसखशीची पुडी मोठ्या बॅगेत घातली. तिथे गरम गरम तळून देऊ म्हणून.

त्याच बॅगेत संजनाचा कार्यक्रमाचा घागरा होता. काळा, बारा कळ्यांचा, टिकल्याच टिकल्या. मुंबईच्या विमानतळावर कागदपत्रं संजनाच्या हातात होती, म्हणून बॅगेची चिठ्ठीही तिच्याच तिकिटाला लागली.

विमान वर गेलं. सोनाबाईच्या शेजारी झकेरिया बसला होता. पनवेलच्याच कुलसुमबीचा मुलगा. पंधरा वर्षं दुबईत ट्रक चालवून परत आलेला. वाटाड्या म्हणून रूपेशने त्याला बरोबर घेतलं होतं. सोनाबाईने डबा उघडला.

"घे रं झकेरिया. सकाळपासून उपाशी दिसतोस."

त्याने अनारसा तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबला.

"मावशी, ह्याला वर काय लावलंय?"

"खसखस. दुसरं काय लावतात?"

झकेरियाने अनारसा परत डब्यात ठेवला, तान्ह्या पोराला ठेवावं इतक्या हळू.

"मावशी, तिकडं खसखस बंद आहे. अफूच्या बोंडातून निघते ना ती. आमच्या खोलीवर एक केरळचा भाऊ होता. आईने घरचा मसाला दिलेला, त्यात होती. विमानतळावरच धरला त्याला. आठ महिने वाट बघितली आम्ही."

"मग आला?"

"तिथनंच परस्पर मुलखात पाठवला. त्याचे कपडे मी पोस्टाने धाडले."

"म्हंजे मी अफू घेऊन चाललेय?"

"हळू! अल्लाच्या वास्ते, नाव घेऊ नका."

"धरतील तर मला एकटीला धरतील ना?"

"व्हिसा एकाच कागदावर आहे, मावशी. अठ्ठावीस जणांचा."

रूपेश आला. ऐकून त्याचा चेहरा उतरला. "संडासात टाकून द्या सगळे."

"साठ अनारसे?" झकेरिया म्हणाला. "तुंबलं तर पायलट येईल बघायला."

मागच्या रांगेतून ढोलकीवाला शिवा उठला. त्याला भीतीपेक्षा भूक जास्त. "खायची वस्तू टाकता कशाला? माणशी दोन येतात. उरलेले चार माझे."

अठ्ठावीस जणांनी विमानात दिवाळी केली. सोनाबाई रांगेरांगेतून फिरत होती. "खाली हात धरा. सांडू नका. तोंड पुसा. शिवा, मिशी पूस, मिशीत हाय तुझ्या."

"आत्या, मिशीच काढू का?"

"काढ."

कोणी हसलं, ती हसली नाही. तिने संजनाची काळी ओढणी मांडीवर पसरली, डबा तिच्यावर उपडा केला आणि एकेक दाणा ओल्या बोटाने टिपला. डब्याची कड, झाकणाची खाच, पिशवीची शिवण. मग मोरीत जाऊन डबा तीनदा धुतला. परत येऊन बसली तेव्हा झकेरियाने विचारलं, "मोठ्या बॅगेत तर काय नाय ना?"

"पुडी हाय. पीठ पन हाय," सोनाबाई म्हणाली. झकेरिया उठून रूपेशकडे गेला.

दुबईत उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सरकत्या पट्ट्यावरून सामान येत होतं. रूपेशने सोनाबाईला बाजूला घेतलं. "बॅग उचलायचीच नाही. फिरू दे. आपली नाहीच ती."

"चिठ्ठी संजनाच्या तिकिटाची आहे," झकेरिया म्हणाला. "बेवारशी बॅग तेच उघडतील. मग नाव कोणाचं निघेल?"

"मग उचला आणि गुपचूप चला. शंभरातल्या दहा उघडतात."

सोनाबाईला मुकादमाची मूठ आठवली. सबंध गोणीतून तो मूठभरच काढायचा. पण खडा असला की नेमका त्याच मुठीत यायचा.

"झकेरिया, आपण होऊन सांगितलं तर?"

"तर कदाचित चूक म्हणतील. त्यांना सापडलं तर जुर्म. पण खात्री नाय, मावशी. मी खोटं कशाला बोलू?"

"मी सांगते. तुमी सगळे पुढं व्हा. संजना, तू पन."

"माझ्या नावावर बॅग आहे. मी थांबणार," संजना म्हणाली.

"तू अडकायची असशील तर मी आलेच कशाला?"

"आत्या, भांडू नकोस. लोक बघतायत."

शेवटी दोघी आणि झकेरिया मागे राहिले. बाकीचे बाहेर गेले. रूपेशने जाताना मागे वळून बघितलं नाही.

कस्टमच्या टेबलामागे दोन साहेब होते. एक मिसरूड फुटलेला, एक पिकल्या दाढीचा. सोनाबाईने बॅग टेबलावर ठेवली. त्यांनी हात लावायच्या आधीच ती बोलू लागली आणि झकेरिया अरबीत सांगू लागला. हे आमच्याकडे सणाच्या गोडाला लावतात. बंदी आहे हे माहीत नव्हतं. विमानात कळलं. माझी चूक आहे, पोरीची नाही. बोलताना तिने टेबलाची कड धरून ठेवली होती.

तरण्या साहेबाने बॅग उघडली. पिठाच्या डब्याचं झाकण निसटलं होतं. गूळतुपाने पुडीचा कागद भिजून फाटला होता. खसखस सगळ्या बॅगेत पसरली होती. लुगड्यांत, पोलक्यांत, आणि सगळ्यात जास्त घागऱ्यात.

त्यांना एका खोलीत नेलं. दोघींचे पासपोर्ट टेबलावर ठेवले. पिकल्या दाढीचा साहेब पीठ हुंगून बघत होता, फोनवर बोलत होता, पुन्हा हुंगत होता. अर्ध्या तासाने तो झकेरियाशी बोलला. झकेरिया ऐकताना मान हलवत राहिला, मग सोनाबाईकडे वळला.

"पुडी आणि पीठ ते घेतायत. तुम्ही आपण होऊन सांगितलं, तसं लिहितो म्हणतात. पण बाकीचं सामान साफ करायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर. मग ते तपासणार. एक दाणा जरी मिळाला, तरी कागद वरच्या साहेबाकडे. दोघींचा."

"एक दाना?"

"एक."

सोनाबाईने पांढरी चादर मागितली, चहाचा मोठा ट्रे मागितला आणि ओलं फडकं. मग ती जमिनीवर बसली. संजना शेजारी टेकली.

"तू हात लावू नको," सोनाबाई म्हणाली. "निवडनं तुला येत नाय."

पहिली दहा मिनिटं तिलाही येईना. हात थरथरत होते, आणि थरथरत्या हाताने दाणा टिपता येत नाही, तो पुढे सरकतो. तिने दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले. डोळे मिटले. गिरणीच्या पट्ट्याची फटफट आठवली, त्या तालावर हात कसा चालायचा ते आठवलं. मग सुरुवात केली.

लुगडी सोपी होती. झटकायची, दुमड उलटी करायची, काठ बोटात धरून सरकवायचा. पोलक्यांच्या शिवणी तिने केसातल्या आकड्याने कोरल्या. बॅगेची चेन दात न दात बघून साफ केली. ट्रे मांडीवर घेऊन ती हलकेच पाखडायची. हलकं पुढे, जड मागे. तरणा साहेब आधी हसत होता. नंतर खुर्ची पुढे ओढून बघत बसला.

घागरा मात्र अवघड होता. टिकली एकाच टाक्यावर बसवलेली असते, तिच्याखाली पोकळी राहते. तुपामुळे दाणे तिथे चिकटले होते. म्हणजे प्रत्येक टिकली नखाने उचलायची, खाली बघायचं, पुसायचं, सोडायची. एका कळीला तिला बारा-पंधरा मिनिटं लागत. कळ्या बारा. मधे तिला तहान लागली, पण पाणी सांडेल म्हणून ती प्यायली नाही. सहाव्या कळीला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडणं नव्हतं ते, बघून बघून डोळे शिणले होते. संजना पदराने ते टिपत राहिली. शेवटची कळी झाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच वाजले होते. सातला कार्यक्रम होता.

"बघा म्हनावं," सोनाबाई म्हणाली.

पिकल्या दाढीच्या साहेबाने कोरा कागद अंथरला. घागरा वर धरून पेन्सिलीने ठोकला. एकदा, दोनदा, तीनदा. कागदाला भिंग लावलं. बॅगेच्या कोपऱ्यांतून ओला कापूस फिरवला, तो उजेडात धरला. काही नाही. लुगड्यांतही नाही.

तेवढ्यात तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली एक दाणा होता.

साहेबाने तो बघितला नव्हता. हात पदरात घ्यायला एक क्षण पुरला असता. तिला वाटलंही तसं. पण मुकादमाची मूठ तिला माहीत होती. तिने अंगठा पुढे केला.

"हितं हाय एक."

झकेरियाने डोळे मिटले. संजनाने तिचा दंड घट्ट धरला. साहेब खाली वाकला. नखाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने पायाने केराची बादली तिच्याकडे सरकवली आणि तिच्याच केसातल्या आकड्याकडे बोट दाखवलं.

तिने नखं कोरली, दहाही. त्याने पासपोर्टांवर हात ठेवला, काहीतरी लिहिलं, आणि ते परत दिले. झकेरियाला एक वाक्य बोलला.

"काय म्हनला?" बाहेर आल्यावर सोनाबाईने विचारलं.

"म्हणाला, हिला आमच्याकडे कामाला ठेवायला पाहिजे."

सोनाबाईला ते खरंच वाटलं आणि ती टॅक्सीपर्यंत जवळजवळ पळतच गेली.

सात वाजून दहा मिनिटांनी ते सभागृहात पोचले. रूपेश दारातच उभा होता. "मावशी, पुढची खुर्ची ठेवलीय," एवढंच म्हणाला.

पडदा वर गेला. शिवाची ढोलकी कडाडली. संजना घागरा घालून उजेडात आली आणि गाऊ लागली. लोक टाळ्या वाजवत होते. घागऱ्यावरची एकेक टिकली लकाकत होती, आणि प्रत्येक लकाकीला सोनाबाई खालच्या फळ्यांकडे बघत होती. गाण्याच्या मधे संजनाने गिरकी घेतली. घेर फुलला. सोनाबाई खुर्चीतून अर्धी उठली.

मध्यंतरात संजना धावत खाली आली. तोंडावर घाम, डोळ्यांत आनंद. "आत्या, कसं झालं गं?"

"काय?"

"गाणं!"

"गानं मी ऐकलं नाय," सोनाबाई म्हणाली. तिची नजर अजून रंगमंचाच्या फळ्यांवर होती. "मी खाली बघत होते. अजून तरी काय पडलं नाय. पन पुढचे दोन दिवस गिरकी जरा हळू घे."