राब मीच पेटवला

लढाईचे दिवस होते. वैशाखरे गावाच्या बाजूला सडकेचं काम निघालं आणि ठेकेदारानं आमच्या बांधाला लागून, वरच्या अंगाला, काळ्या तेलाची पिंपं रचली. त्याच्या लॉऱ्या, यंत्रं त्यावर चालायची. दोन पिंपं गळकी. खाली आमचा राबाचा तुकडा, म्हणजे भाताची रोपं जिथं वाढवून मग सगळ्या शेतात लावायची, तो. सासऱ्यांनी मुकादमाला दोनदा सांगितलं. तो दोनदा "बघतो" म्हणाला. होळी सरली तोवर तुकडा काळा, चकचकीत झाला होता.

मी नवी सून. वय चौदा-पंधरा, आणि शहाणपण तर ओसंडून चाललेलं! दर उन्हाळ्यात राबावर टहाळ, शेण, पाचोळा पसरून जाळायचा, मग रोपं जोमानं येतात. टहाळांचे भारे रानातून डोक्यावर आणायचे बायकांनी. माझी मान मोडून यायची. मी सासूला म्हटलं, "आत्याबाय, जमीन तेल प्यायलीय. टहाळ कशाला? काडी लावली का झालं."

"तेलानं भात पिकतो काय गो?" ती म्हणाली. पण मान तिलाही होतीच. भारे निम्मेच आणले, जाळ पिंपांकडे चढू नये म्हणून बांधालगत ओल्या मातीचा पट्टा टाकला, आणि काडी मी ओढली. काय पेटला! धूर असा काळा की वरचं आभाळ दिसेना. मी टाळ्या पिटल्या. पाणवठ्यावर बायांना सांगत सुटले, "आमच्यासारखा राब कुणाचा नाय."

पाऊस लागला, बी टाकलं. कडेला चार हिरव्या काड्या उगवल्या, मध्ये काही नाही. त्या काड्याही आठवड्यात पिवळ्या पडून मेल्या. घरात दुसरं बी नव्हतं.

सासरे ठेकेदाराकडे गेले. म्हणाले, पिंपं तुमची, रोपं आमची मेली, भरून द्या. ठेकेदाराचा कारकून आला. पिंपांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मातीत छत्रीचं टोक फिरवत गोड आवाजात म्हणाला, "वा, काय झकास भाजलाय राब! कुणी पेटवला?"

"मी!" पदर सावरून, मान वर करून. त्या दिवशी मान बरी दुखली नाही.

त्यानं वही काढली. जमीन घरच्यांनीच जाळली, असं लिहून सासऱ्यांचा अंगठा मागितला.

"दरसाल जाळतो आमी, दरसाल उगवतं!" सासू ओरडली. "तेल कुणाचं ते ल्ही ना रे मेल्या!"

वही मिटली. सासऱ्यांनी अंगठा दिला नाही, पण त्यानं काय अडलं त्याचं?

ते तेल म्हणे कुठल्या मुलखात जमिनीला भोकं पाडून काढतात. पिंपात असेपर्यंत त्याला सतरा धनी. गळलं की एकही नाही.

शेजाऱ्यांनी उरलेली रोपं द्यायचं कबूल केलं, पण आधी त्यांची लावणी आम्ही करून द्यायची. आमचं शेत तोवर रिकामं. सासू आणि मी परक्या चिखलात कमरेत वाकून उभ्या, आणि वरून सडकेनं ठेकेदाराची लॉरी गेली.

"गो पोरी," सासू खाली बघतच म्हणाली, "काडी बरी वढतेस तू. आता त्याच्या पिंपांना लाव."

मी खुदकन हसले. तिनं मान वर केली. ती हसत नव्हती.