माळवदाचा कचरू

वडीगोद्रीपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात ख्रिस्ती लोकांची एकवीस घरं आणि एक चर्च. दगडी भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडी फळ्यांची किलचन आणि त्यावर हातभर मातीचं माळवद. गावातले हिंदूसुद्धा त्याला येशूचं देऊळ म्हणत. या देवळाचं माळवद सांभाळायचा मान कचरूच्या घराकडे, आजोबापासून.

कचरूनं आयुष्यात एकही प्रवचन आत बसून ऐकलं नव्हतं. रविवारी घंटा झाली की तो शिडीनं वर चढायचा. पन्हाळ साफ कर, उंदराची बिळं बुजव, धुम्मस घेऊन पोकळ जागा ठोक.

"वरून देव जवळ पडतो," तो म्हणायचा.

"देव जवळ पडतो का झोप?" त्याची बायको सत्यशीला विचारायची. "पाठीला रोज माती लागून येती तुमच्या."

पण वैशाखातला एक दिवस कचरू गावच्या पाटलाहून मोठा असे. त्या दिवशी प्रत्येक घरानं माळवदावर टाकायला पडक्या गढीवरून पांढऱ्या मातीची एक टोपली आणायची, तीही आपल्याच डोक्यावर. गाडीनं किंवा गड्याच्या हातून आलेली माती चालत नसे. कचरू वर उभा राहून टोपलीत हात घालायचा. खडा लागला की टोपली खाली.

चौऱ्याण्णव साली दीनानाथ सर चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष झाले. मूळचे याच गावचे, हेडमास्तर म्हणून रिटायर होऊन नवीन जालन्यात स्लॅबच्या बंगल्यात राहणारे. आपण स्लॅबखाली आणि देव मातीखाली, हे त्यांना बघवेना. समोरची भिंत पंधरा फूट पुढं न्यायची आणि सगळ्यावर स्लॅब टाकायचा, असा ठराव त्यांनी मांडला.

"सर, स्लॅब तापतो," कचरू सभेत म्हणाला.

"कचरू, माणूस चंद्रावर गेला."

"गेला असंल. तिथं वैशाख न्हाई."

लोक हसले आणि ठराव पास झाला. मराठवाड्यात हसणं एकाच्या बाजूनं असतं आणि हात दुसऱ्याच्या बाजूनं वर होतो.

माळवद उतरलं. तीन पिढ्यांनी डोक्यावरून वाहिलेली माती नव्या भागाच्या जोत्यात भरावाला गेली. दारावर संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर सरांचं नाव हातभर अक्षरात, आणि देवाचं त्याच्याखाली, उरलेल्या जागेत. कचरूला नवीन काम मिळालं, बाकडी पुसायचं.

उद्घाटनाला तो पहिल्यांदा आत बसला. कधी उठायचं, कधी बसायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सगळे प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा तो बसलेला, आणि सगळे बसले तेव्हा हा एकटा खांबासारखा उभा, छताकडं बघत. डोक्यावर काही करायचं उरलं नाही म्हणजे माणसानं देवळात करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

मंग उन्हाळा आला.

एप्रिलात लोक रुमाल घेऊन येऊ लागले. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नरकाच्या अग्नीवरचं प्रवचन तीन मिनिटांत आटोपलं. समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. लाईट गेलेली, पंखे लटकलेले. सरांच्या पत्नी अरुंधतीबाई उठल्या आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या. त्यांच्यामागं सगळे. पुढच्या रविवारी उपासना लिंबाखालीच भरली, नव्या इमारतीकडं पाठ करून. आत फक्त बाकडी आणि दारावर सरांची पाटी.

दुसऱ्या दिवशी सरांची स्कूटर कचरूच्या दारात थांबली.

"कचरू, काय करून राह्यला?"

"बाकडी पुसून आल्तो. कुणी बसत न्हाई, पण धूळ बसती."

सरांनी घाम पुसला. "स्लॅबवर चार बोटं पांढरी माती टाकली तर?"

"थंड ऱ्हाईल. बिलकुल."

"ट्रॅक्टर लावतो. एका दिवसात काम जल्दी होईल."

"ट्रॅक्टरची माती वर चढत न्हाई, सर. एका घराची एक टोपली, आपापल्या डोक्यावर."

"माझं घर जालन्यात आहे."

"पाटीवर तर नाव हितं हाये," कचरू म्हणाला.

सत्यशीलेनं सरांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि हसू लपवायला आत गेली.

रविवारी सकाळी गढीवरून रांग निघाली. ज्यांचा या देवळाशी संबंध नाही तेही ओट्यांवर येऊन बसले, कारण रांगेत अध्यक्ष होते. परीटघडीचा शर्ट, डोक्यावर फडक्याची चुंबळ, तिच्यावर टोपली. मातीची बारीक रेघ चष्म्यावरून नाकापर्यंत आलेली. शिडीच्या आठ पायऱ्या त्यांनी आठ वेळा थांबून चढल्या.

वर कचरू उभा होता. त्यानं टोपलीत हात घातला, माती बोटांतून सावकाश गाळली.

"खडा हाये, सर. बदलून आणा."

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. खाली वीस घरं आपापल्या टोपल्या घेऊन उभी होती, आणि त्यातल्या प्रत्येकाची टोपली कधी ना कधी परत गेली होती. सर आठ पायऱ्या उतरले आणि गढीकडं चालू लागले.

दुपारी भाकर वाढताना सत्यशीलेनं विचारलं, "खरंच खडा होता का हो?"

कचरूच्या पाठीला माती लागलेली होती. त्यानं घास चावून संपवला.

"बारीक होता," तो म्हणाला.